प्रत्येक नळीचा धर्म वेगळा

घरी उपचार घेणाऱ्या ज्येष्ठांच्या नळ्या आणि यंत्रे स्वच्छ व चालती कशी ठेवावीत?

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. शेवटची गोळी द्यायची राहिलेली असते. दिवसभराच्या धावपळीने डोळे मिटू लागलेले असतात. गोळी घाईने कुटली जाते, दोन चमचे पाण्यात कालवून नाकातल्या नळीत सोडली जाते, नळीचे झाकण लागते आणि दिवा मालवला जातो. पहाटे सहाला दूध द्यायला बसावे, तर सिरिंजचा दट्ट्या जागचा हलत नाही. नळी तुंबलेली असते. मग रुग्णवाहिकेसाठी फोन, दोन मजल्यांचा जिना, रुग्णालयातील ताटकळणे आणि ऐंशी वर्षांच्या थकलेल्या माणसाच्या नाकातून पुन्हा एक नवी नळी. रात्री गोळीनंतर अर्धी वाटी पाणी सोडले असते, तर हे सारे बहुधा टळले असते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज अशी एखादी नळी किंवा असे एखादे यंत्र असेल. कुणाला नाकातून अन्न देण्याची नळी, कुणाला लघवीची, कुणाला वाफाऱ्यासारखे औषध देणारा नेब्युलायझर, कुणाला कफ ओढणारे सक्शन यंत्र, कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. रुग्णालयातून घरी सोडताना परिचारिका या वस्तूंची माहिती देतात. पण त्या वेळी घरचे लोक बिलाच्या आणि विम्याच्या कागदांत गुंतलेले असतात. ऐकलेले निम्मे विसरते. मग प्रत्येक घर आपापल्या समजुतीने सफाई करू लागते, आणि पुष्कळदा सर्व नळ्यांना एकच न्याय लावला जातो. चूक होते ती इथेच. या नळ्या दिसायला सारख्या असल्या तरी एकीला प्रत्येक वेळी पाणी हवे असते, दुसरी कधीही उघडायची नसते आणि तिसरीला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नसतो.

घाण साचते कशी?

दोन-तीन दिवस न घासलेल्या पाण्याच्या पिंपात आतून बोट फिरवून पाहावे. पाणी स्वच्छ दिसत असले तरी भिंत बुळबुळीत लागते. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जाणवतो तोही याच जातीचा थर. हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी १६८३ साली आपल्या दातांवरचा असा थर स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले. आज या थराला ‘बायोफिल्म’ म्हणतात. जंतू ओल्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आडोशाला वाढतात. या आवरणामुळे जंतुनाशक त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणूनच कोणतीही वस्तू आधी साबणाने घासून धुवावी आणि मगच जंतुनाशकात बुडवावी. न घासता नुसती बुडवून ठेवणे म्हणजे खरकट्या ताटावर पाणी शिंपडण्यासारखे आहे.

नळ्या आणि यंत्रे बिघडतात ती मुख्यतः तीन कारणांनी: उरलेले अन्न किंवा औषध, साचलेला ओलावा आणि पाण्यातील क्षार. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत नळाच्या तोंडावर पांढरी खर जमते. तशीच खर नेब्युलायझरच्या बारीक छिद्रातही जमते.

अन्नाची नळी: हिला प्रत्येक वेळी पाणी हवे

नाकातून पोटात जाणाऱ्या नळीला आपल्याकडे ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात. हे नाव ब्रिटिश वैद्य जॉन आल्फ्रेड राईल यांच्यावरून पडले. नळीवर १४, १६ असा क्रमांक असतो. त्याला तीनने भागले की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे १६ क्रमांकाची नळी बाहेरून सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, आणि आतली पोकळी त्याहून लहान. एवढ्याशा वाटेने दिवसभराचे जेवण आणि सगळी औषधे जायची असतात.

नियम एकच, पण तो न चुकता पाळावा. अन्नापूर्वी पाणी, अन्नानंतर पाणी, औषधापूर्वी पाणी, औषधानंतर पाणी. प्रौढांसाठी प्रत्येक वेळी सामान्यतः ३० मि.ली. पाणी पुरते; दोन औषधांच्या मध्ये १५ मि.ली. सोडावे. पाणी उकळून गार केलेले असावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांच्याबाबत हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि दिवसाच्या एकूण पाण्यात ते मोजावे.

घरी केलेले अन्न दोनदा गाळावे: एकदा बारीक गाळणीतून, एकदा स्वच्छ मलमलीच्या कापडातून. नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते आणि निवताना घट्ट होते. म्हणून ती कोमट झाल्यावर घट्टपणा पाहून पुन्हा पातळ करावी. दुधात आंबट फळाचा रस मिसळू नये. दूध फाटते आणि त्याच्या गाठी नळीत अडकतात. तयार केलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात ठेवलेलेही २४ तासांनंतर टाकून द्यावे.

औषधांबाबत अधिक सावध राहावे. शक्य असेल तिथे डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्यावे. गोळी पिठासारखी बारीक करून पाण्यात पूर्ण कालवावी. प्रत्येक औषध वेगळे द्यावे. अन्नात मिसळू नये. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळण्यासाठी वरून लेप दिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. एखादी गोळी कुटता येते का, हे औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. बद्धकोष्ठतेवर इसबगोल देण्याची सवय अनेक घरांत आहे. नळीतून मात्र इसबगोल कधीही देऊ नये. तो पाण्यात फुगतो आणि नळी पक्की बंद करतो. पाण्यात न विरघळणाऱ्या चूर्णांचेही तेच.

नळी तुंबलीच, तर आधी ती कुठे दुमडली आहे का, हे पाहावे. नाकाजवळची खूण जागेवर असेल, तरच पुढचा प्रयत्न करावा. ५० किंवा ६० मि.ली.ची मोठी सिरिंज लावून दट्ट्या हलकेच मागे ओढावा. मग कोमट पाणी भरून अगदी हलक्या हाताने पुढे-मागे करावे. पाणी आत शिरले, तर दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू देऊन पुन्हा प्रयत्न करावा. लहान सिरिंज वापरू नये. तिच्यामुळे नळीत फार मोठा दाब तयार होतो आणि नळी फाटू शकते. तार किंवा काडी घालू नये. शीतपेय सोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर तोही मानू नये. त्यातील आम्लाने अडकलेले दूध आणखी गोठते. दोन-तीन प्रयत्नांत वाट मोकळी झाली नाही, तर डॉक्टरांना कळवावे.

स्वच्छतेहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळीची जागा. नाकाजवळ नळीवर पेनने खूण करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी अन्नापूर्वी ती पाहावी. खूण सरकली असेल, रुग्णाला ठसका लागत असेल किंवा धाप लागत असेल, तर काहीही देऊ नये. नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी रीत एकटी भरवशाची नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता विशिष्ट कागदाने तपासण्याची पद्धत परिचारिकेकडून शिकून घ्यावी. अन्न देताना आणि नंतर किमान अर्धा तास रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंशांत उंच ठेवावी.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. नळीने जेवणाऱ्या माणसाचे तोंडही दिवसातून दोनदा तरी स्वच्छ करायचे असते. अन्न तोंडातून जात नसले तरी जंतू तिथे वाढतात, आणि तिथूनच ते छातीत उतरतात.

लघवीची नळी: ही उघडायची नाही

अन्नाच्या नळीची शिस्त अंगवळणी पडलेली व्यक्ती लघवीच्या नळीतही पाणी सोडून ती ‘धुवायला’ जाते. हेतू चांगला असला, तरी परिणाम वाईट होतो. मूत्राशय, नळी आणि पिशवी मिळून एक बंद वाट तयार होते. ती जितक्या वेळा उघडली जाईल, तितक्या वेळा जंतूंना आत शिरण्याची संधी मिळते. त्यामुळे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज या नळीत पाणी किंवा औषध सोडू नये, आणि नळी व पिशवी यांचा सांधा विनाकारण सोडू नये.

इथली स्वच्छता बाहेरून करायची. हात धुवून, नळी शरीरात शिरते त्या जागेभोवती रोज आणि शौचानंतर साध्या साबणाने व पाण्याने धुवावे. पुसताना शरीराकडून पिशवीकडे पुसावे. पावडर लावू नये. नळी मांडीला अलगद चिकटवून ठेवावी, म्हणजे कूस बदलताना ती ओढली जात नाही.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवताना पिशवी क्षणभर मांडीवर ठेवण्याची सवय अनेकांना असते. तेवढ्यात पिशवीतील लघवी उलट वाहून मूत्राशयात जाऊ शकते. हलवण्याआधी पिशवी रिकामी करावी. एरवीही ती दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी, आणि तोटीचे टोक भांड्याला लागू देऊ नये.

लघवी येणे थांबले, तर आधी नळी दुमडली आहे का किंवा रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे का, ते पाहावे. कोठा जड असेल, तर त्याच्या दाबानेही ही वाट अडते. काही जंतू लघवी अल्कधर्मी करतात. मग क्षार जमून नळीत वाळूसारखी कचकच दिसू लागते. अशी नळी धुण्याच्या फंदात पडू नये. ती बदलावी लागते. डॉक्टरांची मनाई नसेल, तर पुरेसे पाणी पिणे हाच घरचा सर्वांत चांगला उपाय. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना हेही विचारावे की, ही नळी अजून लागते का? गरज संपल्यावर काढलेली नळी जंतुसंसर्गाचे एक मोठे कारणच दूर करते.

नेब्युलायझर: हवेची नळी कोरडी राहू द्यावी

नेब्युलायझरची पेटी म्हणजे हवेचा छोटा पंप. तो नळीतून हवा ढकलतो आणि त्या हवेच्या जोरावर कपातील औषधाचे तुषार होतात. म्हणजे लांब नळीतून फक्त हवा जाते. तिला धुण्याची गरज नसते. धुतली, तर आतले पाणी सहजी सुकत नाही आणि ओलाव्यात जंतू वाढतात. नळीत थेंब दिसले, तर कप काढून नुसती नळी लावून यंत्र काही मिनिटे चालू ठेवावे. हवेनेच ती कोरडी होते.

धुवायचे ते कप आणि मास्क. प्रत्येक वापरानंतर उरलेले औषध टाकून द्यावे, दोन्ही उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावेत, झटकावेत आणि स्वच्छ कापडावर वाळू द्यावेत. दिवसातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. जंतुनाशनासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत अर्धा तास बुडवून नंतर विसळण्याची रीत प्रचलित आहे. कप पाण्यात उकळायचा असेल, तर माहितीपत्रकात तशी मुभा आहे का, ते आधी पाहावे. एका घरात दोघांना नेब्युलायझर लागत असेल, तर पेटी एक चालेल. कप आणि मास्क मात्र वेगळे हवेत.

पेटी गादीवर किंवा पांघरुणावर ठेवू नये; हवेची छिद्रे झाकली जातात आणि मोटर तापते. तिच्यातील छोटा फिल्टर करडा पडला की बदलावा. पूर्वी दहा-पंधरा मिनिटांत संपणारे औषध आता अर्धा तास घेत असेल, तर कपाचे छिद्र क्षारांनी बुजले आहे, फिल्टर भरला आहे किंवा नळी सैल झाली आहे, असे समजावे. स्टेरॉइडचे औषध घेतल्यानंतर रुग्णाने चूळ भरावी, आणि मास्क वापरला असल्यास चेहराही पुसावा.

सक्शन यंत्र: पंपापर्यंत थेंब पोहोचू नये

ज्यांना कफ स्वतः काढता येत नाही, त्यांच्यासाठी हे यंत्र प्राणरक्षक असते, आणि ते बहुधा एकाच कारणाने बिघडते: बरणी काठोकाठ भरते आणि द्रव पंपात शिरतो. म्हणून बरणी दोनतृतीयांश भरण्यापूर्वीच रिकामी करावी. बरणी आणि पंप यांच्या मध्ये एक गोल फिल्टर असतो. तो ओला झाला किंवा त्याचा रंग बदलला, की लगेच बदलावा. एक जादा फिल्टर घरात असावाच.

प्रत्येक वापरानंतर स्वच्छ पाणी ओढून नळी आतून धुवून काढावी, म्हणजे कफ वाळून चिकटत नाही. रोज बरणी साबणाने घासून धुवावी; नंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवून, विसळून वाळवावी. बाटलीवर ५ टक्के लिहिलेले असेल, तर एका भागात चार भाग पाणी घातले की हे प्रमाण साधते. हे द्रावण संडास साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. ज्या बारीक नळीने प्रत्यक्ष कफ ओढला जातो, ती किती वेळा बदलायची, हे डॉक्टर सांगतील. विशेषतः गळ्याला छिद्र असलेल्या रुग्णाबाबत त्यात तडजोड नसावी.

यंत्र वापरात नसले, तरी आठवड्यातून एकदा चालवून पाहावे. नळीचे टोक अंगठ्याने बंद केले की दाबमापकाचा काटा चढला पाहिजे. प्रौढांसाठी तो सामान्यतः ८० ते १२० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. काटा चढला नाही, तर बरणीचे झाकण सैल आहे, नळीला चीर गेली आहे किंवा फिल्टर बंद झाला आहे. पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा हे शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून बॅटरीवर चालणारे किंवा पायाने चालवायचे पर्यायी साधन आधीच जवळ ठेवावे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

याला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी वापरावे, आणि ते दोन खुणांच्या मध्येच असावे. रोज उरलेले पाणी ओतून, बाटली धुवून नवे पाणी भरावे. जुन्यात नवे मिसळत राहू नये. बाहेरचा स्पंजाचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर दूर असावे. देवघरातील समई, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि विडी यांपासून ते दूरच ठेवावे. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठिणगीचा वणवा होतो. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन किंवा तेलकट बाम लावू नये. पाण्यावर आधारित मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे.

घराची शिस्त

हे सारे वाचून दडपण येणे स्वाभाविक आहे. कित्येक घरांत पंचाहत्तरीची पत्नी ऐंशीच्या पतीची सेवा करत असते. तिचे स्वतःचे डोळे अधू झालेले असतात, हात थरथरत असतात. अशा वेळी स्मरणावर भिस्त ठेवू नये. सिरिंजवर ३० मि.ली.च्या खुणेशी रंगीत चिकटपट्टी लावावी. एका वहीत नळी कधी बसवली, कधी बदलायची, फिल्टर कधी बदलला, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा बदलतात, तेव्हा नव्या व्यक्तीला हीच वही आधी वाचून दाखवावी, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक काम त्यांच्याकडून आपल्यासमोर करून घ्यावे. परदेशातून रोज फोन करणाऱ्या मुलानेही ‘बाबा कसे आहेत?’ या प्रश्नासोबत ‘फिल्टर कधी बदलला?’ हे विचारले, तर सेवेतला वाटा उचलल्यासारखे होईल.

ज्याच्यासाठी हे चालले आहे, त्याच्याशी बोलायलाही विसरू नये. ‘आई, आता नळीत थोडे पाणी सोडते, गार लागेल हं’ असे आधी सांगितले, की अंग आखडत नाही आणि हात नळीकडे जात नाही. उत्तर देता येत नसलेल्या माणसालाही बहुतेक वेळा सगळे ऐकू येत असते.

नळी तुंबली, तर स्वतःला दोष देत बसू नये. उत्तम रुग्णालयांतही नळ्या तुंबतात. त्या रात्री काय राहिले, एवढे वहीत लिहावे आणि दुसऱ्या रात्री ते करावे.

डॉक्टरांना ताबडतोब केव्हा कळवावे?

• अन्न देताना ठसका, धाप, निळसर ओठ किंवा सतत उलट्या झाल्यास
• अन्नाची नळी बाहेर आल्यास किंवा खूण सरकल्यास (ती स्वतः परत आत ढकलू नये)
• तीन-चार तास लघवी न आल्यास, ओटीपोट ताठ झाल्यास किंवा नळीच्या बाजूने गळती सुरू झाल्यास
• थंडी वाजून ताप, रक्तमिश्रित लघवी, नवा गोंधळलेपणा किंवा अकारण गुंगी आल्यास (वृद्धांत जंतुसंसर्ग कधी कधी तापाविनाच येतो)
• सक्शन यंत्र बंद पडून कफ घशात साचू लागल्यास

शीतकपाटावर लावण्यासाठी

• कोणत्याही नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर: साबणाने हात
• अन्नाची नळी: आधी पाणी, नंतर पाणी
• लघवीची नळी: उघडू नये, पिशवी खाली
• नेब्युलायझर: कप धुवावा, नळी कोरडी
• सक्शन: बरणी भरू देऊ नये, फिल्टर कोरडा
• ऑक्सिजन: रोज नवे पाणी, आगीपासून दूर